औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी: सिस्टरांना पहिल्या पाच मिनिटांचं प्रशिक्षण कसं द्यावं?

वॉर्ड_इनचार्ज

नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणच्या २५ खाटांच्या रुग्णालयासाठी सिस्टरांचं प्रशिक्षण आखायचं आहे. विषय एकच: इंजेक्शन किंवा सलाईनमधून दिलेल्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. रात्रपाळीला मजल्यावर दोन सिस्टर आणि एक मावशी असतात. डॉक्टर फोनवर असतात, त्यांना पोचायला १० ते १५ मिनिटं लागतात.

व्याख्यान घेतलं की सगळ्या लिहून घेतात आणि लेखी परीक्षेत उत्तरंही बरोबर देतात. पण बेडजवळ अचानक विचारलं तर पहिला हात एविलकडे (खाज-गांधींवरचं अँटिहिस्टॅमिन) जातो, दुसरा हायड्रोकॉर्टकडे (हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड) आणि अ‍ॅड्रेनालिन डॉक्टर आल्यावर. हे बदलायचं कसं? सरावात काय घ्यावं, आणीबाणीच्या औषधपेटीत काय ठेवावं आणि डॉक्टरांची लेखी परवानगी कशा शब्दांत घ्यावी? प्रत्यक्ष उपयोगी पडेल असं सांगा.

---

परिचारिका_प्रशिक्षक

ताई, तुमच्या प्रश्नातच निदान आहे. सिस्टरांना माहिती असते, हाताला परवानगी नसते. म्हणून क्रम उलटा लावा: आधी लेखी आदेश, मग पेटी, मग सराव. व्याख्यान शेवटी घेतलं तरी चालेल.

लेखी आदेश लांबलचक नको. वॉर्डच्या भिंतीवर आणि पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवता येईल एवढाच. साधारण असा: "औषध दिल्यानंतर रुग्णाला अचानक श्वासाचा त्रास, घसा आवळणं, आवाज बसणं, चक्कर किंवा बीपी कोसळणं यांपैकी काहीही झालं, मग अंगावर गांधी असोत वा नसोत, तर ड्यूटीवरील सिस्टरने डॉक्टरांची वाट न पाहता प्रौढ रुग्णास अ‍ॅड्रेनालिन (१ मिलीत १ मिग्रॅ) ०.५ मिली मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यावे. ५ मिनिटांत सुधारणा नसेल तर तेवढाच डोस पुन्हा द्यावा. त्याच वेळी डॉक्टरांना कळवावे." खाली प्रमुख डॉक्टरांची सही आणि तारीख. दरवर्षी नवी सही घ्या. सही नसलेला कागद रात्री दोन वाजता कुणाला धीर देत नाही.

"गांधी असोत वा नसोत" हे शब्द काढू नका. १० ते २० टक्के रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही. सिस्टर पुरळ शोधत बसते आणि तेवढ्यात बीपी जातं. उलट, फक्त अंगावर गांधी आहेत आणि श्वास, नाडी, बीपी, पोट सगळं ठीक आहे, तर ते अजून अ‍ॅनाफिलॅक्सिस नाही. औषध थांबवा, जवळ उभ्या राहा, पेटी उघडून ठेवा. गांधींच्या जोडीला खोकला, घरघर, उलट्या किंवा पोटात जोराची कळ यांतलं काहीही आलं की डोस द्यायचा.

आता सराव. तो वर्गात नको, वॉर्डातच घ्या, ड्यूटी चालू असताना रिकाम्या बेडवर. महिन्यातून एकदा, १५ मिनिटं, आणि रात्रपाळीलाही. एक सिस्टर रुग्ण होते. घड्याळ तुमच्या हातात. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, फक्त ठरलेल्या वेळी एकेक चिठ्ठी पुढे करायची.

०० मिनिट: "सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम शिरेतून देऊन झालं." १ मिनिट: रुग्ण म्हणते, "सिस्टर, तळहाताला खाज येतेय." २ मिनिट: "घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय", आणि खोकला. ३ मिनिट: "जीव घाबरा झालाय, मला संडासला जायचंय." ४ मिनिट: नाडी १३०, बीपी ७०/४०. पहिला डोस दिल्यानंतर ५ मिनिटांनी: बीपी ८०/५०, घरघर कायम.

ही वाक्यं मुद्दाम मराठीत ठेवा. पुस्तकात "प्रुरायटस" (खाज) आणि "सेन्स ऑफ इंपेंडिंग डूम" (आता काही खरं नाही असं वाटणं) असतं. आपला रुग्ण म्हणतो, "कसंतरी होतंय", "अंगात आग आग होतेय", "जीभ जड झाली". सिस्टरच्या कानाला हे शब्द धोक्याची घंटा वाटले पाहिजेत. दुसऱ्या मिनिटाच्या चिठ्ठीलाच हात पेटीकडे गेला पाहिजे, चौथ्याची वाट पाहायची नाही.

संडासची चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची. बीपी पडत असताना रुग्णाला पोटात कळ येते, तो उठतो, सोबतचे नातेवाईक दंडाला धरून चालवतात आणि दारात कोसळतो. रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. उभं राहिलं की हृदयाकडे परतणारं रक्त एकदम आटतं आणि हृदय थांबू शकतं. म्हणून रुग्ण आडवा, पाय वर, बेडपॅन बेडवरच. श्वास फार लागत असेल तर पाठ थोडी उचला, पण पाय खाली सोडू नका. गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. उलटी होत असेल तर कुशीवर. बरं वाटलं म्हणून लगेच बसवायचं नाही.

कामाची वाटणी आधीच ठरवा. पहिली सिस्टर बेड सोडत नाही: औषध बंद, रुग्ण आडवा, पहिला डोस. दुसरी सिस्टर पेटी आणते, डोसची वेळ मोठ्याने सांगते, ऑक्सिजन लावते, सलाईन सुरू करते. मावशी फोन लावून स्पीकरवर ठेवते आणि नातेवाईकांना बाजूला करते. मावशींना सरावात घेतलं नाही तर दुसरी सिस्टर फोनपाशी अडकते आणि बेडजवळ एकच हात उरतो.

मोजायचं एकच: रुग्णाच्या पहिल्या तक्रारीपासून सुई मांडीत जाईपर्यंत किती वेळ लागला. पहिल्या सरावात हा आकडा बहुधा वाईट निघतो. तो फलकावर लावू नका, नावानिशी तर नाहीच. वेळ कुठे गेला तेवढं विचारा. बहुतेकदा बीपीचं मशीन शोधण्यात, पेटीची किल्ली शोधण्यात आणि फोनवर "सर, काय देऊ?" यात गेलेला असतो. बीपी मोजण्यासाठी डोस थांबवायचा नाही. पेटीला कुलूप नको, तुटणारं सील लावा.

---

भूलविभाग

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. थोडं कारणांबद्दल लिहितो, कारण "का" कळलं की क्रम विसरत नाही.

शिरेतून औषध दिल्यावर होणाऱ्या जीवघेण्या रिअ‍ॅक्शनमध्ये हृदय किंवा श्वास थांबायला साधारण ५ मिनिटं लागतात. कीटकदंशात ही वेळ १५ मिनिटांच्या आसपास असते, अन्नाच्या अ‍ॅलर्जीत ३०. तुमचे डॉक्टर १० ते १५ मिनिटांनी येणार. म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरशिवाय वेळेत पोचणारं कुणी नाही.

एविल खाज आणि गांधी कमी करतं. घशाची सूज, आवळलेल्या श्वासनलिका, पडलेलं बीपी यांवर ते काम करत नाही. घाईने शिरेत ढकललं तर उलट बीपी आणखी उतरू शकतं. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला काही तास लागतात. शिवाय पावडरची व्हायल, पाणी भरा, हलवा, ओढा, यात दोन मिनिटं जातात. अ‍ॅड्रेनालिन एकटंच एका वेळी रक्तवाहिन्या आवळतं, सूज उतरवतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदयाचा जोर वाढवतं आणि मास्ट पेशींतून बाहेर पडणारी अ‍ॅलर्जीची रसायनंही रोखतं. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१ मध्ये अँटिहिस्टॅमिन सुरुवातीच्या उपचारातून काढून टाकलं आणि स्टेरॉइड सरसकट देऊ नका असं सांगितलं. म्हणून माझं मत: अ‍ॅलर्जीच्या पेटीत एविल आणि हायड्रोकॉर्ट ठेवूच नका. ती ट्रॉलीत राहू द्या. पेटी उघडली की समोर एकच औषध दिसलं पाहिजे.

मांडीच का? लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेल्या अ‍ॅड्रेनालिनची रक्तातली पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखराला पोचली, त्वचेखाली दिलेल्याची ३४ मिनिटांत. दंडावर देण्याची सवय टीटीच्या इंजेक्शनमुळे पडलेली असते. आपल्याकडे आणखी एक अडचण असते ती साडीची. संकोचाने सिस्टर दंडाकडे वळते. सरावातच साडी-परकर बाजूने वर सरकवून मांडीचा मधला बाहेरचा भाग हाताने शोधायला लावा, पाच सेकंदांचं काम आहे. पातळ कापड असेल आणि वेळ नसेल तर कापडातूनही देतात.

औषध थांबवताना होणारी चूक: चिमटा बंद करतात आणि नंतर त्याच सेटमधून सलाईन जोरात सोडतात. नळीत उरलेलं औषध तसंच आत जातं. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढायची नाही, तीच तुमची शीर आहे. सेट मात्र कॅन्युलापासून काढून नवा जोडायचा. पेटीसोबत एनएसच (नॉर्मल सलाईन) ठेवा. आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) कॅल्शियम असतं आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनशी त्याचा साका बनतो, त्यामुळे घाईच्या वेळी निवड करायला लावू नका. प्रौढाला ५०० ते १००० मिली वेगाने, बाटली दाबून. ऑक्सिजन पिशवीवाल्या मास्कने मिनिटाला १० ते १५ लिटर, आणि पिशवी फुगल्यावरच मास्क तोंडावर. सिलिंडरची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली असावी.

घरघर असेल तर डोसनंतर साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, प्रौढाला ५ मिग्रॅ. डोसच्या बदल्यात नाही. दोन डोस देऊनही बीपी किंवा श्वास सुधारला नाही तर अ‍ॅड्रेनालिनचं इन्फ्युजन (शिरेतून थेंबाथेंबाने, सतत) लागतं. तो निर्णय डॉक्टरांचा, पण सिस्टरने फोनवर तेच वाक्य बोलावं: "दोन डोस झाले, सुधारणा नाही." नाडीच लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात आणि तिथून पुढे सीपीआरचा क्रम.

आणि सर्वांत घातक चूक: सीपीआरमधला १ मिग्रॅ शिरेतून हा डोस डोक्यात असतो, म्हणून नाडी चालू असलेल्या रुग्णाला पूर्ण अ‍ॅम्प्युल शिरेत दिलं जातं. त्याने बीपी भलतंच चढतं, हृदयाची लय बिघडते, फुप्फुसात पाणी होऊ शकतं. पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा: "नाडी आहे = मांडीत, अर्धा मिली."

---

वॉर्ड_इनचार्ज

दोघांचेही आभार. तीन शंका विचारते.
१. वयस्कर, अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला द्यायला सिस्टर घाबरतात.
२. सलाईन चालू असताना थंडी वाजून अंग थडथडतं, त्यालाही "रिअ‍ॅक्शन आली" म्हणतात. फरक कसा शिकवू?
३. टेस्ट डोस (आधी त्वचेत थेंबभर औषध देऊन पाहणं) निगेटिव्ह असताना एवढी काळजी कशाला, असा प्रश्न हमखास येतो.

---

भूलविभाग

१. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये स्नायूतल्या अ‍ॅड्रेनालिनला पूर्ण मनाई असलेला रुग्ण नाही. बीपी ७० वर राहिलं तर आधीच अरुंद असलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्याचाच धोका जास्त. थोडी थरथर, धडधड, चेहरा पांढरा पडणं हे अपेक्षित आहे आणि काही मिनिटांत ओसरतं. रुग्णाला तसं सांगायचं. एक लक्षात ठेवा: मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्या (बीटा ब्लॉकर) घेणाऱ्यांत अ‍ॅड्रेनालिन कमी लागू पडू शकतं. तेव्हा ग्लुकागॉन उपयोगी पडतं. म्हणून फोनवर डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल सांगणं सिस्टरचं काम.

२. नुसती थंडी, अंग थडथडणं, मग ताप, पण श्वास मोकळा, बीपी ठीक: ही बहुधा सलाईन किंवा सेटमधून गेलेल्या दूषित घटकांची रिअ‍ॅक्शन. सलाईन थांबवा, सेट आणि बाटली दोन्ही जपून ठेवा, बॅच नंबर लिहा. रक्त चढत असताना असं झालं तर लगेच थांबवून डॉक्टर आणि रक्तपेढीला कळवा, तो वेगळा विषय आहे. सुई पाहून भोवळ आलेल्याची नाडी सहसा मंद असते, आडवं केलं की एक-दोन मिनिटांत रंग परत येतो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुधा जोरात असते आणि आडवं करूनही खाज, खोकला, घरघर थांबत नाही. व्हॅन्कोमायसिन भरभर सोडलं तर मान-चेहरा लालबुंद होतो. ते औषध १ ग्रॅमला किमान एक तास घेऊनच द्यायचं असतं. मात्र फरक कळत नसेल आणि श्वास किंवा बीपी बिघडत असेल, तर अ‍ॅड्रेनालिन द्या. गरज नसताना स्नायूत दिलेल्या अर्ध्या मिलीपेक्षा गरज असताना न दिलेला डोस कितीतरी महाग पडतो.

---

परिचारिका_प्रशिक्षक

तिसऱ्याचं उत्तर मी देते. निगेटिव्ह टेस्ट म्हणजे हमी नाही. त्वचेत सोडलेला तो थेंब औषधाच्या सगळ्या घटकांबद्दल काही सांगत नाही, विरळ करण्याचं प्रमाण प्रत्येक वॉर्डात वेगळं असतं आणि डायक्लोफेनॅकसारख्या औषधांच्या रिअ‍ॅक्शन त्या पद्धतीने पकडताच येत नाहीत. सर्पदंशाच्या लसीसाठी (विषावरचा उतारा) तर राष्ट्रीय उपचारसूचनेतच टेस्ट डोस देऊ नये असं आहे. तिथे थेट लस सुरू करायची आणि अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून उशाशी ठेवायचं. तुमच्या रुग्णालयात टेस्ट करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. टेस्टचा कागद पाहून सिस्टर बेडपासून दूर गेली नाही पाहिजे, एवढं मात्र शिकवा.

त्यापेक्षा विचारपूस सुधारा. "कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" याला शंभरदा "नाही" येतं. "आधी कुठल्या गोळीने, इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का? पित्त उठलं होतं का? तोंड सुजलं होतं का? कुठलं औषध घेऊ नका असं कुणी सांगितलंय का?" असं विचारलं की आजीबाईंना बरोबर आठवतं. हे प्रश्न दाखल करतानाच्या फॉर्मवर याच शब्दांत छापून घ्या.

शिरेतून अँटिबायोटिक देताना झटक्यात ढकलू नका. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम १० मिली पाण्यात विरघळवून २ ते ४ मिनिटांत द्या आणि पहिली पाच मिनिटं बेडपाशी थांबा. ओपीडीत स्नायूत इंजेक्शन दिलेल्याला अर्धा तास बाकावर बसवून ठेवा. स्नायूतून रिअ‍ॅक्शन उशिरा येऊ शकते, आणि ती एसटीत आली तर हाताशी कुणी नसतं.

---

औषधालय_ड्यूटी

पेटीतल्या वस्तूंबद्दल लिहितो, कारण गोंधळ तिथेच होतो.

अ‍ॅड्रेनालिनची १ मिलीची तीन अ‍ॅम्प्युल ठेवा. लेबलवर बऱ्याचदा "अ‍ॅड्रेनालिन बायटार्ट्रेट" असं लिहिलेलं असतं आणि त्याचं वजन १.८ मिग्रॅ दिसतं. ते क्षाराचं वजन आहे, अ‍ॅड्रेनालिन १ मिग्रॅच. हे आधी समजावलं नाही तर ऐन वेळी सिस्टर हिशोब करत बसते. शेजारी अ‍ॅट्रोपिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ठेवू नका. अ‍ॅम्प्युल सारखीच दिसतात आणि नावंही जवळची.

औषध विरळ करायचं नाही. १ मिलीत ९ मिली पाणी घालून त्यातलं अर्धा मिली मांडीत दिलं तर डोस दहापट कमी होतो. मग "अ‍ॅड्रेनालिन देऊनही फरक पडला नाही" असं केसपेपरवर लिहिलं जातं. पेटीत पाण्याचं अ‍ॅम्प्युल ठेवलंच नाही तर ही चूक होणार नाही.

सिरिंज २ मिलीची, सुई २३ किंवा २४ नंबरची, एक इंची. मांडी जाड असेल तर दीड इंची, म्हणून तीही दोन ठेवा. १ मिलीच्या सिरिंजसोबत येणारी २६ नंबरची अर्ध्या इंचाची सुई प्रौढाच्या स्नायूपर्यंत पोचत नाही, औषध चरबीत राहतं. इन्सुलिनची सिरिंज तर मोठ्यांसाठी नकोच. तिच्या खुणा युनिटच्या असतात. ४० युनिटवालीत अर्धा मिली म्हणजे २० युनिट, १०० वालीत ५० युनिट. दोन्ही बाजारात मिळतात.

ओढण्याची पद्धत: अ‍ॅम्प्युलच्या मानेतलं औषध टिचकी मारून खाली आणा, गॉजमध्ये धरून मोडा, पूर्ण १ मिली ओढा, हवा काढा, मग ०.५ च्या खुणेपर्यंत जास्तीचं औषध काढून टाका. आता सिरिंजमध्ये आहे तेवढंच द्यायचं, दट्ट्या शेवटपर्यंत. अर्ध्यावर थांबायचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्या डोससाठी नवं अ‍ॅम्प्युल, नवी सिरिंज.

फ्रिज लागत नाही, पण २५ अंशांच्या खाली आणि उजेडापासून दूर. खिडकीतल्या ट्रॉलीवर उन्हाळ्यात ठेवू नका. गुलाबी किंवा तपकिरी छटा आली की मुदत असली तरी फेकून द्या. सरावासाठी डिस्टिल्ड वॉटरची अ‍ॅम्प्युल वापरा, त्यांवर लाल पट्टी लावा आणि सराव संपला की मोजून परत घ्या.

रुग्ण सावरल्यावर: डोसची वेळ तिथल्या तिथे चिकटपट्टीवर लिहून रुग्णाच्या पुढच्या हातावर लावा. पाच मिनिटं कधी झाली हे नाहीतर कुणालाच सांगता येत नाही. शक्य असेल तर ट्रिप्टेजसाठी (अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्तात वाढणारा घटक) रक्त रिअ‍ॅक्शननंतर १ ते २ तासांत, फार तर ४ तासांच्या आत. औषधाचं ब्रँड नाव, मूळ नाव, बॅच नंबर लिहून ठेवा. रुग्णाला मूळ नाव मराठीत कागदावर द्या, कारण दुसऱ्या दुकानात तेच औषध दुसऱ्या नावाने मिळतं. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालणाऱ्या औषध-दुष्परिणाम नोंदणीत सिस्टर स्वतः फॉर्म भरू शकतात, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४.

---

बालविभाग_सिस्टर

मुलांचं राहिलं. डोस वजनावर: दर किलोला ०.०१ मिली, तेच १ मिलीत १ मिग्रॅवालं औषध, विरळ न करता. ५ किलोला ०.०५, १० किलोला ०.१, २० किलोला ०.२, ३० किलोला ०.३ मिली. लहान मुलांत एका वेळी ०.३ च्या वर नको, वयात आलेल्यांना ०.५ पर्यंत. इथे मात्र १ मिलीची सिरिंज हवी, २ मिलीवर ०.०५ मोजताच येत नाही. तिची सुई काढून एक इंची लावा. सलाईन दर किलोला १० मिली. प्रत्येक बाळाच्या केसपेपरवर दाखल करतानाच वजनाशेजारी "अ‍ॅड्रे. ०.__ मिली" लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी गुणाकार नको.

सिस्टरांना अधिकार नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना लसीकरण सत्रातली पेटी दाखवा. सरकारी लसीकरणात एएनएमला (गावपातळीवरची आरोग्यसेविका) संशयित अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये अ‍ॅड्रेनालिनचा एक डोस स्नायूत देऊन पुढे पाठवण्याचं प्रशिक्षण दिलेलं असतं, पेटीत वयानुसार डोसचा तक्ताही असतो.

---

वॉर्ड_इनचार्ज

आदेशाचा मसुदा आज डॉक्टरांपुढे ठेवते. शेवटचं एक: पुढे पाठवावं लागलं तर?

---

परिचारिका_प्रशिक्षक

१०८ ला फोन पहिल्या डोसनंतर लगेच करा, दुसऱ्याची वाट पाहू नका. रुग्ण स्ट्रेचरवर आडवाच जाईल, खुर्चीवर बसवून जिन्याने नको. सोबत दोन अ‍ॅम्प्युल, दोन सिरिंज, चालू सलाईन आणि डोसच्या वेळा लिहिलेला कागद द्या. पाठवायची गरज नसेल तरी लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात. दोन डोस लागले असतील तर किमान ६ तास. दोनांहून जास्त लागले, दमा आहे, किंवा रात्र आहे आणि घर लांब आहे, तर किमान १२ तास बेडवर ठेवा. पहिल्या तासात दर ५ ते १५ मिनिटांनी नाडी, बीपी, ऑक्सिजन पाहा. पेटीतलं वापरलेलं सामान त्याच पाळीत भरून नवं सील लावा, सीलचा नंबर रजिस्टरमध्ये.